गुणवंतीचं मत

“बाळाभाव, ह्या पुस्तक कदी आजारीच पडलेला नाय,” गुणवंती म्हणाली आणि शेवडे सरांनी लिहिलेली ‘विश्वनाथचा संकल्प’ ही कादंबरी तिने माझ्या टेबलावर उताणी ठेवली.

फाटलेल्या पुस्तकाला ती आजारी म्हणायची. आमच्या वाचनालयाच्या मागच्या खोलीत ती बाइंडिंग करायची. ज्याचा पुठ्ठा निखळला, शिवण सुटली, पानं दुधाच्या दातांसारखी हलायला लागली, तेच पुस्तक तिच्याकडे जायचं. सरांची कादंबरी तशी गेली नव्हती. आठवड्यापूर्वी सरांनी ती कपाटातून स्वतः काढून तिच्या हातात दिली होती. “वाच आणि पुढच्या रविवारी बोल,” एवढंच म्हणाले होते.

त्या रविवारी सरांचा निरोप समारंभ होता. साल १९८४, फेब्रुवारी महिना. आप्पा शेवडे म्हणजे बावीस वर्षं वाचनालयाचे अध्यक्ष आणि त्याआधी हायस्कूलचे हेडमास्तर. रत्नागिरीतली निम्मी माणसं त्यांच्या हाताखालून गेलेली आणि उरलेली त्यांच्या छडीखालून. बायको जाऊन चार वर्षं झाली होती, डोळ्यांत मोतीबिंदू होता, म्हणून मुलगी त्यांना कायमचं नाशिकला नेत होती. समारंभाला त्यांनी एकच अट घातली. माझ्याबद्दल कुणी अवाक्षर काढायचं नाही. चार वाचकांनी उठावं, अलीकडे वाचलेली एक जुनी कादंबरी आणि एक मुलांचं पुस्तक घ्यावं, आणि त्याबद्दल खरं मत सांगावं. मग चहा प्यावा आणि घरी जावं.

चार जणांची यादीही त्यांनीच केली. पहिले निवृत्त पोस्टमास्तर, दुसऱ्या कॉलेजातल्या एक प्राध्यापिका, तिसरा मी, म्हणजे बाळा सुर्वे, ग्रंथपाल. चौथं नाव गुणवंतीचं. ते ऐकून कमिटीतल्या दोघांच्या कपाळाला आठ्या पडल्या, पण सरांपुढे तोंड उघडायची कुणाची छाती नव्हती.

“आजारी पडलेलं नाही म्हणजे काय?” मी विचारलं.

तिने एकशे अठ्ठावीसावं पान उघडलं आणि पुढच्या पानांच्या वरच्या कडेवरून बोट फिरवलं. जुनी पुस्तकं शिवताना सोळा पानांचा एकेक फर्मा घडी घालून शिवत. वरची कड नीट कापली गेली नाही तर घडी तशीच राहायची, आणि वाचणाऱ्याने पट्टीने ती फोडून पुढे जायचं. या पुस्तकाच्या पहिल्या आठ फर्म्यांच्या कडा जुन्या, पिवळ्या पडलेल्या होत्या. नवव्याची कड पांढरीशुभ्र होती.

“ही मी सोमवारी फोडली,” ती म्हणाली. “ही मंगळवारी. ह्या पुढच्या पन मीच. एकतीस वर्सा झाली पुस्तक छापून. एकशे अठ्ठावीसच्या पुढं कोन गेलाच नाय.”

मी नोंदवही काढून पाहिली. एकतीस वर्षांत कादंबरी नऊ वेळा बाहेर गेली होती. त्यातल्या तीन वेळा सरांनी स्वतः नेली होती.

“हे सरांना सांगू नकोस हां,” मी म्हणालो.

“मी कशाला सांगत्ये? पन रविवारी मना बोलाचा हाय. काय बोलू?”

“चांगली आहे म्हणून सांग. वयस्कर माणूस चाललाय गाव सोडून. दोन शब्द गोड बोललीस तर काय बिघडतं?”

तिने माझ्याकडे पुठ्ठे चिकटवायच्या आंबलेल्या खळीकडे बघावं तसं बघितलं आणि पुस्तक उचलून आत गेली.

गुणवंतीचा नवरा खंडू आमचा बाइंडर होता. खारव्याच्या, म्हणजे मासेमाराच्या, घरात जन्मून त्याला बोट लागायची. समुद्रावर गेला की पोटातलं सगळं बाहेर. सगळी वाडी त्याला हसायची. शेवटी कंटाळून तो जमिनीवरच्या धंद्याला लागला आणि पुस्तकं शिवायला शिकला. चौऱ्याहत्तर साली तो काविळीने गेला. कमिटी दुसरा बाइंडर शोधायला लागली, तेव्हा ही बाई येऊन दारात उभी राहिली आणि म्हणाली, “मना जाळी शिवता येतात. पुस्तक काय, त्याहून बारीक.” सरांनी तिला हाताला आली ती अकरा फाटकी मुलांची पुस्तकं देऊन बघितली. चार दिवसांनी ती शिवून परत आली. शिवण जाळ्याच्या गाठीची होती, आणि आजतागायत ती गाठ सुटलेली मी पाहिलेली नाही.

तिला अक्षर येत नव्हतं. पुस्तकाचा कणा उलटा चिकटवायची, मग सर ओरडायचे. वर्षभर त्यांनी ओरडून पाहिलं आणि मग ओरडण्यापेक्षा शिकवणं सोपं म्हणून तिला शिकवायला घेतलं. रोज दुपारी अर्धा तास, जुनी क्रमिक पुस्तकं आणि वर्तमानपत्र. दोन वर्षांनी ती वाचायला लागली, आणि एकदा लागल्यावर थांबली नाही. जे पुस्तक शिवायला येईल ते आधी वाचायचं आणि मग शिवायचं, असा तिने नियमच करून टाकला. “कुनाला शिवत्ये ता कळायला नको?” असं तिचं म्हणणं. त्यामुळे काम थोडं मागे पडायचं. मी काणाडोळा करायचो.

आता गंमत अशी की फाटतात ती पुस्तकं लोकांना आवडलेली असतात. म्हणजे या बाईच्या वाचनात फक्त लोकांनी झिजवलेली पुस्तकं आली. गावात एवढं निवडक वाचन दुसऱ्या कुणाचं नसेल, त्या प्राध्यापिकाबाईंचंही नाही. आणि पुस्तक कुठे दुखतंय, कुठे बरं आहे, हे तिला वाचायच्या आधीच कळायचं. तेलाचं बोट, आमरसाचा डाग, दुमडलेला कोपरा, सुटलेला फर्मा, यावरून ती सांगायची की लोक इथे थांबले, इथे रडले, इथून पुढे उड्या मारत गेले. मग वाचून ते ताडून बघायची आणि गुरुवारी चहा पिताना मला मत सांगायची.

एक फार नावाजलेली जुनी कादंबरी होती. तिच्यातली नायिका चारशे पानं रडते. माझी आई त्या पुस्तकावर जीव टाकायची. गुणवंती म्हणाली, “बाय रडते ता बरोबर हाय, दुक्ख हायच. पन एवडा रडाय येळ गावतो म्हंजे तिच्या घरात पानी कोन भरतो ता सांगाय नको लिवनाऱ्यानं?” एका ऐतिहासिक कादंबरीबद्दल म्हणाली की घोडे फार आहेत आणि वैरण कुठेच नाही. “पन मदली साठ पाना तीन येळा सुटली, म्हून नीट वाचली. आय लडाईवरनं आलेल्या पोराला वळखत नाय, आनि पोरगा पन सांगत नाय मी कोन ता. त्या साठ पानांसाठी बाकीचे घोडे मी माफ केले.” रशियन मुलांची पुस्तकं तेव्हा स्वस्तात मिळायची, गुळगुळीत कागदाची. ती फाटतच नाहीत अशी तिची तक्रार होती. “पोरांना आवडली की नाय ता कळाचा कसा?”

आधी आधी मी ही मतं हसण्यासाठी एका वहीत लिहून ठेवायचो. पुढे पुढे नवं पुस्तक नेताना लोक विचारायला लागले, गुणवंती काय म्हणते? तेव्हा माझं हसणं आपोआप बंद झालं.

शनिवारी संध्याकाळी ती वरच्या आळीत सरांच्या घरी गेली. तिथे काय झालं ते तिने मला सोमवारी सांगितलं. पण गोष्ट क्रमाने सांगायची तर ते इथेच सांगायला हवं. मला ते शनिवारीच कळलं असतं तर रविवारी माझी जी शोभा झाली ती झाली नसती.

तिला सरांना दोन गोष्टी सांगायच्या होत्या. एक कादंबरीबद्दल. दुसरी त्याहून वाईट होती. कादंबरीचं शेवटचं पान उलटल्यावर मागे एक जाहिरात होती: ‘याच लेखकाचे मुलांसाठी – बोकड होडीतून उतरेना. सचित्र. किंमत सहा आणे.’ ते पुस्तक गुणवंतीला पाठ होतं. आमच्या मुलांच्या कपाटात बोकडाची एक गोष्ट होती. तिला पहिलं पान नव्हतं. नाव नाही, लेखक नाही. पोरं नुसतं ‘बोकडाचं’ म्हणून मागायची. नोंदवहीत मीच लिहिलं होतं: ‘बोकडाची गोष्ट. लेखक अज्ञात.’ पहिल्या अकरा फाटक्या पुस्तकांत ते होतं, आणि त्याचं पहिलं पान गुणवंतीने स्वतःच्या हाताने फेकलं होतं.

सर खोक्यांच्या मध्ये खुर्ची टाकून बसले होते. ती दारात चपला काढते तोच त्यांनी विचारलं, “झाली का गो वाचून?”

“झाली, सर.”

“मग?”

“चांगली हाय,” ती म्हणाली. मी शिकवल्याप्रमाणेच.

सरांनी विचारलं, “नववा फर्मा कुणी फोडला होता का गो? की तूच फोडलास?”

ती उंबऱ्यातच उभी राहिली.

“तीन वेळा नेलं मी ते पुस्तक घरी,” सर म्हणाले. “दर सात-आठ वर्षांनी एकदा. कुणी फोडलंन का ते बघायला. वाचायला नव्हे, मला पाठ आहे. आणि मी स्वतः फोडला असता तर मग कळलं कसं असतं? म्हणून तसाच परत ठेवायचो.”

गुणवंती खाली बसली. तिला रडू आलं, आणि सर तिच्यावर ओरडले, अगदी कणा उलटा चिकटवल्यावर ओरडायचे तसे. “रडतेस काय? एकशे अठ्ठावीसच्या पुढे काय आहे ते सांग मला. एकतीस वर्षांत तू पहिली आहेस तिथे पोचलेली.”

“दोनशे सातवा पान मी दोनदा वाचला,” ती म्हणाली. “विश्वनाथाची आय.”

“आणि बाकीची पानं?”

तिने पदराने डोळे पुसले.

“उद्या बोल,” सर म्हणाले. “जे आहे ते बोल. सगळ्या गावाने आजवर मला कादंबरी उत्तम आहे म्हणून सांगितलंन. नाशिकला जाताना तेवढंच ओझं बरोबर नेऊ की काय?”

पहिल्या पानाचं सांगायचं तिच्या ओठांवर आलं होतं. पण एका संध्याकाळी एका माणसाला किती सांगायचं, असं वाटून ती तशीच उठून आली.

रविवारी सभागृह भरलं होतं. शंभरएक माणसं असतील, पुढे सतरंजी, मागे खुर्च्या. टेबलावर सरांची कादंबरी उभी करून ठेवली होती, तिला हार घातला होता. सर त्या हाराकडे बघत नव्हते.

पोस्टमास्तरांनी एका जुन्या कादंबरीची गोष्ट पहिल्यापासून सांगायला घेतली आणि ती संपण्याआधी त्यांची वेळ संपली. प्राध्यापिकाबाई वीस मिनिटं चांगलं बोलल्या, पण ते चांगलं होतं हे आम्हाला त्यांच्या चेहऱ्यावरून कळलं. मग मी उठलो. मला दुसऱ्या एका कादंबरीवर बोलायचं होतं, टिपणंही काढली होती. पण तो हार बघितला, सरांचा पांढरा सदरा बघितला आणि मला भरून आलं. मी टिपणं खिशात घातली आणि म्हणालो की ‘विश्वनाथचा संकल्प’ ही कादंबरी मी कॉलेजात असताना एका बैठकीत वाचून काढली, शेवटचं पान मिटलं तेव्हा पहाट झाली होती, आणि तो संकल्प आजही माझ्या मनात तेवतो आहे. ‘तेवतो’ हा शब्द मला तेव्हा फार आवडला. टाळ्या पडल्या. सरांनी मान खाली घातली. मी समजलो, संकोचले.

गुणवंती उठली. निळं लुगडं, केसांत अबोलीचा वळेसर. ती टेबलाजवळ गेली नाही, भिंतीशीच उभी राहिली.

“मी गुणवंती. मागच्या खोलीत पुस्तका शिवत्ये. माज्याकडं चांगली पुस्तका फाटून येतात आनि वायट पुस्तका येतच नायत. म्हून मी आजवर चांगलीच पुस्तका वाचली.”

लोक हसले. ती हसली नाही.

“जुनी कादंबरी म्हून मी सरांची वाचली. पयल्यापास्नं शेवटापरयंत सगळी. ती मना आवडली नाय.”

कमिटीतल्या एकाने माझ्याकडे बघितलं, जणू तिला मीच बोलायला लावलं होतं.

“सरांनी खरा बोल म्हून सांगितलान, म्हून बोलत्ये. तो विश्वनाथ खेडेगावात शाळा काडतो. तीनशे पाना तो सगळ्यांना शिकवत सुटतो. बायकोला शिकवतो, सावकाराला शिकवतो, आजारी मानसाला पन शिकवतो. त्याला मातर कोन काय शिकवत नाय. मानूस असा नसतो. सर स्वता असे नायत. मना शिकवताना चुकले तर माज्याकडं माफी मागायचे. ता पुस्तकात नाय.”

तिने हार घातलेल्या कादंबरीकडे बोट केलं.

“पन दोनशे सातव्या पानावर त्या विश्वनाथाची आय हाय. तिला लेकानं नवीन चपला दिल्यान. ती वाळूतनं चालते तर चपला हातात घेते, झिजतील म्हून. शाळेच्या दाराशी आल्यावर पाय पुसते आनि घालते. मंग आत जाते. ता एक पान मी दोनदा वाचला. असली पाना अजून असती तर ती कादंबरी माज्याकडं कदीच शिवायला आली असती.”

“ती माझी आई,” सर बसल्या जागेवरून म्हणाले. “ते मी रचलेलं नाही.”

“वाटलाच मना,” गुणवंती म्हणाली.

मग ती म्हणाली, “आता पोरांचा पुस्तक,” आणि तिचा आवाज बदलला. मला वाटलं, झालं एवढं पुरे, आता खाली बस. पण ती तशीच उभी राहिली, पदराचं टोक मुठीत धरून.

“आपल्याकडं बोकडाची गोष्ट हाय. एक बोकड खाडीवरच्या होडीत चडतो आनि उतरतच नाय. ता पुस्तक मी धा वर्सांत चार येळा शिवलाय. बारावा पान पोरांनी पार संपवलान, मी मागनं कागद लावलाय. कोन पोरगा चित्रांना मिशा काडतो, कोन बोकडाला पेज भरवतो, पानावर शितां असतात. त्या बोकडाला कोन शिकवत नाय. सगळी मानसा जरा सरकून बसतात आनि त्याला जागा देतात. मना वाटला, ह्या जेनं लिवलान त्यानं पोरांना बरोबर वळखलान.”

ती सरांकडे वळली.

“त्या पुस्तकाला पयला पान नाय. ता मी फेकला. मना तवा वाचता येत नव्हता. मना वाटायचा, जेच्यावर अक्षरा जास्त ता पान कामाचा. पयल्या पानावर शिंगां व्हती आनि वीसेक अक्षरा. बिनकामाचा समजली मी. खळ जमली काय ता बगायला त्याच्यावर हात पुसला आनि टाकून दिला. परवा कादंबरीच्या मागं वाचला तवा कळला. त्या पानावर तुमचा नाव व्हता, सर. धा वर्सा पोरा तुमचा पुस्तक वाचतात आनि कुनाला म्हायत नाय. माज्यामुळं.”

एवढं बोलून ती रडली, सगळ्यांसमोर, तोंड न झाकता.

मग मागच्या खुर्च्यांतून कुणीतरी म्हणालं, “बोकडाचं? ते सरांचं?” बघितलं तर बँकेतला कॅशियर, तिशीचा बाप्या. त्याच्या शेजारचा हळूच म्हणाला, “मी नाही उतरायचा, आधी पाणी उतरू दे.” ते बोकडाचं पालुपद होतं. आणखी दोघातिघांनी ते म्हटलं, आणि मग मोठी मोठी माणसं एकमेकांकडे बघून हसायला लागली. मीही हसत होतो, मला कळलंही नाही. ते पुस्तक मी लहानपणी याच वाचनालयातून नेलं होतं, पहिल्या पानासकट. पण नाव वाचलंय कुणी?

मग सर म्हणाले, “कादंबरीला मला सात वर्षं लागली. बोकड अकरा दिवसांत लिहिला, दिवाळीच्या सुट्टीत. मुलगी गोवराने पडली होती, तिला अंथरुणात ठेवायची होती म्हणून. ती बरी झाली आणि मी ते विसरलो. त्याचा छापखानाही बंद पडला. मला वाटलं, संपलं.” मग माझ्याकडे बघून म्हणाले, “बाळा, आण बघू ते.”

मी मुलांच्या कपाटाकडे गेलो. दोन पुस्तकांच्या मध्ये त्याची जागा रिकामी होती. खणातलं कार्ड काढून पाहिलं आणि परत आलो.

“बाहेर गेलंय, सर. मांडवीची एक मुलगी आहे, कमळा, चौथीतली. तिच्याकडे. बुधवारपर्यंत मुदत आहे.”

सरांची गाडी सोमवारी सकाळची होती. कमिटीतले एक जण लगबगीने उठले. “शिपायाला सायकलवर पिटाळतो. अर्ध्या तासात आणेल.”

“नको हो,” सर म्हणाले. “वाचत असेल ती.”

मग शाल झाली, नारळ झाला, चहा झाला. चहाच्या वेळी दोघातिघांनी गुणवंतीला ऐकू जाईल अशा बेताने म्हटलं की जाणाऱ्या माणसाचा असा अपमान करायला नको होता. मला मात्र माझा कप खाली कुठे ठेवावा ते कळत नव्हतं, कारण सर माझ्याजवळ येऊन हळूच म्हणाले होते, “बाळा, छान बोललास हो.” त्यात राग नव्हता, म्हणूनच ते झोंबलं. सगळे गेल्यावर मी नोंदवही काढली, ‘अज्ञात’ खोडलं आणि सरांचं पूर्ण नाव लिहिलं. त्या दिवशी माझ्या हातून तेवढंच एक खरं काम झालं.

सोमवारी सकाळी मी एसटी स्टँडवर गेलो तर गुणवंती आधीच आलेली होती. हातात सोड्यांची, म्हणजे सुकवलेल्या कोळंबीची, पुडी होती. सर सोडे खात नाहीत हे तिला माहीत होतं. ती पुडी त्यांच्या मुलीसाठी, कारण ती सासरी मासे खायला लागली आहे असं हिला कळलं होतं. सर खिडकीशी बसले होते. मुलगी सामान लावत होती.

आम्ही खिडकीखाली उभे राहिलो. पाऊस किती पडेल, आंबा यंदा कसा आहे, असलं काहीबाही बोलणं झालं. कादंबरीचा विषय कुणी काढला नाही. कंडक्टर चढला, दार आपटलं, गाडी सुरू झाली आणि जागेवरच थरथरत राहिली. तेवढ्यात सर खिडकीच्या दांडीवर हात ठेवून पुढे वाकले.

“गुणवंती,” ते म्हणाले, “त्या बोकडाचं शेवटी काय होतं गो? मला आठवत नाही.”

“पावसाळा लागतो, सर,” ती गाडीच्या आवाजावरून ओरडून म्हणाली. “होडी वडून वर शाकारून ठेवतात. तरी तो आतच.”

“आणि मग?”

“मंग नावाडी रोज त्याला तितंच गवत नेऊन घालतो.”

गाडी हलली.

“बरं केलंन,” ते म्हणाले.